इंग्लिश इस्टेटच्या प्रवेशद्वारावरील गवती छपराचे गेट लॉज : त्याच्या आकारामागचे कारण काय?

ओसरी (प्रश्नकर्ती; या चर्चेतील शीर्षकांतली नावे ही सभासदांची टोपणनावे आहेत)

नमस्कार. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एका जुन्या इस्टेटच्या गेट लॉजचे, म्हणजे प्रवेशद्वारावरील रखवालदाराच्या घराचे, मोजमापासह आरेखन मी सध्या करीत आहे. काम करताना काही प्रश्न पडले, ते येथे मांडते.

सार्वजनिक रस्त्यावरून इस्टेटमध्ये वळताना डाव्या हाताला हे घर लागते. त्याचा रस्त्याकडचा भाग अष्टकोनी आहे. नेमके सांगायचे तर अष्टकोनाच्या पाच बाजू बाहेर दिसतात आणि उरलेल्या तीन मागच्या साध्या आयताकृती भागात सामावल्या आहेत. भिंती कॉबच्या, म्हणजे माती, काड आणि बारीक खडी तुडवून थराथराने चढवलेल्या असून त्या दगडी जोत्यावर उभ्या आहेत आणि बाहेरून त्यांना चुन्याची सफेदी आहे. खिडक्यांना टोकदार गॉथिक कमानी असून आत शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली शंकरपाळ्याच्या आकाराची लहान तावदाने आहेत. छप्पर भिंतीच्या पुढे बरेच खाली उतरते आणि सालीसकट उभ्या केलेल्या झाडाच्या खोडांवर टेकते, त्यामुळे पाचही बाजूंना एक अरुंद ओसरी तयार होते. अष्टकोनाच्या माथ्यावर, बरोबर मध्यभागी, विटांचे उंच धुराडे आहे. सरकारी वारसा यादीत ही वास्तू द्वितीय श्रेणीत नोंदलेली असून तिचा काळ एकोणिसाव्या शतकाचा आरंभ असा दिला आहे.

माझा पहिला प्रश्न असा की, ज्या मालकाचा मुख्य वाडा घडीव दगडाचा आणि स्लेटच्या छपराचा आहे, त्याने पाहुण्याच्या नजरेस सर्वांत आधी पडणाऱ्या इमारतीवर गवती छप्पर का घातले असेल? हे छप्पर त्या काळी त्या भागातील शेतमजुरांच्या घरांवर असे. दुसरा प्रश्न अष्टकोनाचा आहे. हा आकार निव्वळ शोभेसाठी आहे, की छपराच्या बांधणीशी त्याचा काही संबंध आहे? ओसरी इतकी अरुंद का, हेही मला उमगलेले नाही. तिथे एक खुर्ची मांडली तर माणसाला पुढून जाता येत नाही.

तिसरा प्रश्न तातडीचा आहे. छप्पर आता नव्याने शाकारायचे आहे. सध्या त्यावर विंचरलेले गव्हाचे काड आहे. ते पूर्ण उतरवून पाणथळीतील बोरू घालावा, कारण तो अधिक वर्षे टिकतो, असे एक मत पुढे आले आहे. वास्तुरचनेच्या दृष्टीने या बदलाने खरोखर काही बिघडते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

आढे_वासे

ओसरी, आपण दिलेले वर्णन नेमके आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल मी लिहितो. शाकारणीच्या साहित्याबद्दल या विषयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहिलेले बरे.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांच्या बागांतून वाकडेतिकडेपणाला, खडबडीत पोताला आणि अकस्मात बदलणाऱ्या रेषांना सौंदर्य म्हणून मान मिळू लागला होता. विल्यम गिल्पिन यांनी वाय नदीच्या काठचे आपले निरीक्षण १७८२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १७९४ मध्ये हेरफर्डशायरमधील जमीनदार युव्हडेल प्राइस यांनी या रुचीला तात्त्विक बैठक दिली. चार वर्षांनी, १७९८ मध्ये, जेम्स माल्टन यांनी ब्रिटिश कुटिरांच्या वास्तुरचनेवर स्वतंत्र निबंध लिहिला. दारापुढे पडवी असावी, भिंती एका रेषेत नसाव्यात, घराचा एखादा भाग दुसऱ्याहून उंच असावा आणि छपराची वळचण ठळकपणे पुढे यावी, अशी लक्षणे त्यांनी मांडली. तोपर्यंत गवंडी आणि सुतार परंपरेने जे करीत होते, ते आता कागदावर आखून मुद्दाम करण्याजोगे झाले. शोभेच्या या कुटिरांना पुढे ‘कॉटेज ऑर्ने’ असे फ्रेंच वळणाचे नाव मिळाले. आपल्या लॉजच्या वारसा-नोंदीतही हा शब्द असण्याची बरीच शक्यता आहे.

ही आवड किती वरपर्यंत पोहोचली होती याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजासाठी विंडसरच्या विस्तीर्ण राजोद्यानात वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१० च्या दशकात जे निवासस्थान तयार केले, त्याचे छप्परही गवतीच होते आणि त्याला कॉटेजच म्हणत. त्याच नॅश यांनी ब्रिस्टलजवळ हेन्बरी येथे बँकर जॉन स्कॅन्ड्रेट हारफर्ड यांच्यासाठी १८११ च्या सुमारास ब्लेझ हॅम्लेट ही नऊ घरांची वस्ती रचली. एका हिरवळीभोवती विखुरलेली ही नऊही घरे एकमेकांपासून वेगळी आहेत. काहींवर गवत आहे, काहींवर दगडी फरशा आहेत, आणि प्रत्येकावर नक्षीदार विटांचे उंच धुराडे आहे. ही वस्ती १९४३ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आपल्या लॉजचा अभ्यास करताना ती पाहणे अगत्याचे आहे, कारण उंच धुराडे आणि खाली झुकलेले छप्पर यांचे प्रमाण नॅश यांनी तेथे जितक्या विविध रीतींनी हाताळले आहे, तितके एका ठिकाणी अन्यत्र क्वचितच सापडते.

तेव्हा मालकाने गवती छप्पर घातले ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. पाहुण्याची घोडागाडी सार्वजनिक रस्ता सोडून खासगी रस्त्याला लागते, त्या क्षणी आपण एका वेगळ्या, शांत आणि ग्रामीण प्रदेशात शिरलो असे त्याला वाटावे, हा उद्देश होता. दगडी वाडा पुढे झाडीतून उघडा व्हायचा, आणि त्याची भव्यता वाढावी म्हणून आरंभ ठेंगणा ठेवला जाई.

आता अष्टकोनाकडे वळू. येथे शोभा आणि बांधणी या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि माझ्या मते बांधणीची बाजू सहसा दुर्लक्षिली जाते. अष्टकोनी घरावर स्लेट घालायची तर प्रत्येक कोनवाशावर, म्हणजे दोन उतार मिळतात त्या कोपऱ्यावरील वाशावर, दोन्ही बाजूंच्या स्लेट तिरक्या कापाव्या लागतात आणि तो सांधा शिशाच्या पत्र्याने झाकावा लागतो. कोन जितके अधिक, तितका खर्च आणि तितक्या गळतीच्या जागा. गवताला कोन कापावाच लागत नाही. पेंढ्या कोनावरून वळवत नेता येतात, आणि अष्टकोनाचे छप्पर वर जाता जाता जवळजवळ शंकू बनते. पन्हाळी, म्हणजे दोन उतार आत मिळून होणारी खाच, सुद्धा गवतात गोलाई देऊन भरता येते. तिथे कापून शिसे घालण्याची गरज पडत नाही. म्हणून ज्याला अष्टकोन, अर्धगोल, मध्येच छप्पर उचलून केलेली खिडकी असे आकार हवे आहेत, त्याला गवतासारखे सोयीचे साहित्य दुसरे नव्हते. गवत ठरल्यावर आराखडा मोकळा झाला, असे मी म्हणेन. शाकारणाऱ्याची कसोटी मात्र येथे लागते. शंकूसारख्या छपरावर खाली वळचणीपाशी घेर मोठा असतो आणि वर माथ्याकडे तो झपाट्याने कमी होतो, त्यामुळे सरळ पाख्यावर (छपराच्या सपाट उतारावर) चालते तशी सारख्या जाडीची पेंढी येथे चालत नाही. ती खाली पसरट आणि वर निमुळती बसवावी लागते.

अष्टकोनाचे आणखी एक कारण लॉजच्या कामाशी निगडित आहे. रखवालदाराला सार्वजनिक रस्त्याच्या दोन्ही दिशा, फाटक आणि वाड्याकडून येणारा रस्ता या सर्वांवर नजर ठेवावी लागे. एका खोलीला पाच दिशांना खिडक्या मिळाल्या की ते साधते. याच कारणाने इंग्लंडमधील पथकराच्या नाक्यांवरील घरेही पुष्कळदा बहुकोनी असत. सॉमरसेटमधील स्टँटन ड्रू येथे असे एक षटकोनी, गवती छपराचे नाका-घर आजही उभे आहे.

ओसरीच्या अरुंदपणाचे उत्तर तर साध्या भूमितीत आहे. गवती छपराचा उतार साधारण ५० अंशांचा ठेवतात आणि ४५ अंशांखाली जाणे धोक्याचे मानतात. याला कारण असे की छपरातील प्रत्येक काडी वाशाला समांतर नसते. वळचणीपाशी दिलेल्या उठावामुळे ती वाशापेक्षा कमी उताराने पडलेली असते. पाखे थोडे सपाट केले की आतील काड्या जवळजवळ आडव्या होतात, आणि पाणी ओघळून जाण्याऐवजी आत झिरपू लागते. आता ५० अंशांच्या उतारावर छप्पर भिंतीपुढे १ मीटर नेले, तर ते सुमारे १.२ मीटर खाली उतरते. वळचण जमिनीपासून किमान २ मीटरवर हवी असेल तर भिंतीचा माथा ३.२ मीटरवर न्यावा लागेल. ओसरी दीड मीटरची केली तर तो ३.८ मीटरवर जाईल, आणि ठेंगण्या घराची सारी कल्पनाच मोडेल. काही रचनाकारांनी ओसरीवर उतार मंद करून हा पेच सोडवला, परंतु अशा ठिकाणी गवत लवकर कुजते. आपल्या लॉजच्या मूळ रचनाकाराने उतार राखला आणि ओसरीची रुंदी सोडून दिली. हा निर्णय जाणत्या माणसाचा आहे.

तावदान

वरील विवेचन मला मान्य आहे, पण ज्यांच्यासाठी हे घर बांधले त्यांच्या बाजूनेही त्याकडे पाहिले पाहिजे. या घराला दोन बाजू होत्या, एक रस्त्यावरून दिसणारी आणि दुसरी आत राहणाऱ्याच्या वाट्याला येणारी.

फाटक उघडण्याचे काम पुष्कळदा इस्टेटवरील वृद्ध नोकराला किंवा एखाद्या विधवेला दिले जाई, आणि त्याच्या मोबदल्यात राहण्याची जागा मिळे. गेट लॉजचा त्याआधीचा प्रकार म्हणजे फाटकाच्या दोन्ही अंगांना एकसारख्या दोन चौकोनी खोल्या. एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला अंथरूण, अशी राहणाऱ्याची विभागणी होई. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन यांनी १८०३ मध्ये या पद्धतीवर फार कठोर शब्दांत टीका केली. बालिश सममितीच्या हौसेपायी एका गरीब माणसाचे घर दोन तुकड्यांत तोडले जाते, आणि काही फुटांच्या घाणेरड्या खोलीत तो समाजापासून दूर दैन्यात दिवस काढतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एका बाजूला एकच, नांदते घर असावे या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. या दृष्टीने आपले लॉज ही त्या काळातील एक सुधारणाच होती. रेप्टन काही वर्षे नॅश यांचे भागीदार होते, आणि त्यांचा मुलगा जॉर्ज स्टॅन्ली रेप्टन हा ब्लेझ हॅम्लेटच्या कामात नॅश यांचा सहायक होता. म्हणून हा विचार कागदावरून बांधकामात कसा उतरला याचा माग लावता येतो.

तरीही मूळ खोलीचा आराखडा नीट पाहावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. अष्टकोनी खोलीत पलंग कोणत्याच भिंतीला नीट लागत नाही. ओसरीची वळचण खाली असल्याने खिडक्यांतून येणारा उजेड मंद होतो, आणि शंकरपाळी तावदानांतील शिशाच्या पट्ट्या तो आणखी अडवतात. पोटमाळ्यावर माणसाला फक्त मध्यावर सरळ उभे राहता येते. जाड गवतामुळे घर हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहते हे खरे, आणि राहणाऱ्याला ते सुख लाभत असणार. पण मागचा आयताकृती भाग, ज्याला आपण साधा म्हटले आहे, तिथेच स्वयंपाक, धुणे आणि झोपणे होत असले पाहिजे. पुष्कळ अभ्यासक पुढच्या पाच बाजूंचीच चित्रे काढतात आणि मागच्या भागाला दोन ओळींत निकालात काढतात. आपण तसे करू नये.

सालीसकट खांबांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओबडधोबड खोडांचे हे वास्तुरूप गेट लॉजच्या आधी बागेतील आश्रमवजा कुटींत आले. ग्लॉस्टरशायरमधील बॅडमिंटन येथे थॉमस राइट यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास रचलेली, झाडांच्या मुळाखोडांची आणि गवती छपराची कुटी आजही प्रथम श्रेणीत नोंदलेली आहे. डेव्हनमध्येच एक्सेटरजवळ किलरटन येथे ॲक्लंड घराण्याने १८०८ मध्ये असेच गवती छपराचे उद्यानगृह बांधले, आणि त्यात एका भागाची जमीन तर हरणांच्या हाडांची केलेली आहे. याच घराण्याच्या सर टॉमस ॲक्लंड यांनी १८२८ मध्ये सॉमरसेटमधील सेलवर्दी येथे इस्टेटवरील निवृत्तांसाठी गवती छपरांची घरे एका हिरवळीभोवती उभी केली. उद्यानातील खेळण्यापासून माणसांच्या घरापर्यंतचा प्रवास एकाच कुटुंबात वीस वर्षांत झालेला दिसतो, म्हणून मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. किलरटनची कुटी आपल्या परगण्यातच आहे. खांब, जोड आणि साल यांची तुलना तिथे करता येईल.

ओसरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. मागच्या भागाचे आरेखन आता मी पुढच्या भागाइतक्याच बारकाईने करणार आहे. धुराड्याबद्दल एक निरीक्षण राहून गेले होते. पोटमाळ्यातून पाहिल्यास धुराड्याच्या चारही अंगांना एक दगडी पट्टी पुढे आलेली दिसते, पण ती सध्या गवताच्या थरात पूर्ण बुडालेली आहे. बाहेरून ती दिसत नाही. तिचे प्रयोजन काय असावे? तसेच बोरूविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

शाकारणी

ती पट्टी हा आपल्या हाती लागलेला सर्वांत मोलाचा पुरावा आहे, असे मी समजतो. धुराडे आणि गवत यांच्या फटीत पाणी शिरू नये म्हणून गवंडी धुराड्यातून दगड पुढे काढून ठेवीत, आणि गवताचा वरचा पृष्ठभाग त्या दगडाखाली येई. म्हणजे मूळ छपराची जाडी कोठपर्यंत होती याची ती रेघच आहे. आज ती बुडालेली आहे, याचा अर्थ मूळ छपरावर नंतरच्या पिढ्यांनी थरावर थर चढवले, आणि जुने बरेचसे गवत अजून खाली शाबूत असण्याचा संभव आहे. डेव्हनमध्ये हीच रीत आहे. कुजलेला वरचा थर खरवडून काढायचा, खालचा सुका आणि घट्ट थर तसाच ठेवायचा, आणि हेझल या झुडपाच्या चिरलेल्या, पिळून वाकवलेल्या खिळकाठ्यांनी नवा थर त्यात रोवायचा. या प्रथेमुळे डेव्हनमधील काही घरांत मध्ययुगातले, उघड्या चुलीच्या धुराने काळवंडलेले गवत वाशांलगत आजही सापडते. आपले लॉज इतके जुने नाही, पण त्याचा सर्वांत खालचा थर बांधणीच्या वेळचा असू शकतो. त्यात त्या काळच्या गव्हाची काडे, ओंब्या, तण आणि बांधणीची गाठ या साऱ्या गोष्टी टिकून असतात.

बोरूचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. बोरू सहसा जुन्या थरावर चढवीत नाहीत. छप्पर वाशांपर्यंत उघडे करून तो थेट लाकडाला बांधला जातो. म्हणजे बोरू घालण्याचा निर्णय हा जुने सर्व थर कचऱ्यात टाकण्याचाही निर्णय असतो. या एका कारणासाठीच मी त्याला विरोध करीन.

दुसरे कारण रूपाचे आहे. इंग्लंडमध्ये गवती छपराच्या तीन मुख्य परंपरा आहेत. नॉरफोकच्या पाणथळ भागात बोरू चालत आला. पूर्वेकडील परगण्यांत आणि मिडलंड्सच्या दक्षिण भागात लांब काड वापरीत, ज्यात शेंडे आणि बुडखे मिसळलेले असतात. डेव्हन आणि त्याच्या आसपासच्या पश्चिम भागात विंचरलेले गव्हाचे काड वापरीत. त्यात सर्व बुडखे एका बाजूला घेतलेले असतात आणि पृष्ठभागावर तेच दिसतात. बोरू आणि विंचरलेले काड लांबून सारखे वाटतात, कारण दोन्हींत बुडखेच बाहेर असतात आणि दोन्ही फळीने ठोकून बसवतात. परंतु बोरू ताठ आणि ठिसूळ असतो. सरळ पाख्यावर तो उत्तम बसतो, पण अष्टकोनाच्या गोलाईवर आणि उचललेल्या खिडक्यांभोवती त्याच्या कडा टोकदार होतात. आढ्यावरून तर तो वाकवताच येत नाही, त्यामुळे बोरूच्या छपराला आढे वेगळ्या गवताचे करावे लागते. नॉरफोकमध्ये त्यासाठी सेज नावाचे लव्हाळ्यासारखे लवचीक गवत वापरतात. आढे_वासे यांनी अष्टकोनाचे जे कारण सांगितले, ते मऊ वळणाऱ्या काडाला धरून आहे. साहित्य बदलले की तोच आराखडा वेगळा दिसू लागेल.

आढ्याबद्दल सावध राहावे. डेव्हनची जुनी आढी साधी असतात, पाख्याच्या पृष्ठभागाशी एकसलग. पाख्याच्या वर उठवलेले, खाली कंगोरे आणि टोके कापलेले जाड आढे ही विसाव्या शतकात फोफावलेली हौस आहे, आणि हल्ली ती कोणत्याही परगण्यात दिसते. शाकारणारा ते आपणहून करून देईल, कारण पुष्कळ मालकांना तेच हवे असते. कामाच्या करारातच साध्या आढ्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

टिकण्याच्या हिशेबाविषयी बोलायचे तर, विंचरलेले काड सामान्यतः २५ ते ३५ वर्षे टिकते, आणि चांगला बोरू त्याहून अधिक. पण हे आकडे उतार, झाडांची सावली, पाऊस आणि कारागिराचा हात यांवर फार अवलंबून असतात. आढे तर कोणत्याही साहित्यावर १० ते १५ वर्षांनी नवे करावेच लागते. लॉजवर झाडांची दाट सावली असेल, आणि प्रवेशद्वारावर ती बहुधा असतेच, तर तिथे महागडा बोरूही लवकर हिरवा पडून कुजतो. अशा वेळी साहित्य बदलण्याआधी फांद्या छाटल्या तर अधिक लाभ होईल.

काडाच्या दर्जाची तक्रार मात्र खोटी नाही. आजच्या गव्हाच्या जाती बुटक्या आहेत, आणि कंबाइन यंत्र काड चुरडून टाकते. शाकारणीसाठी मॅरिस विजनसारख्या उंच, जुन्या जाती वेगळ्या पेराव्या लागतात, त्यांची कापणी पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने करावी लागते, आणि मग मळणीच्या वेळी ते काड विंचरावे लागते. नत्रखत जास्त दिले तर काड उंच होते पण पोकळ आणि दुबळे राहते. म्हणून काम हाती घेण्याच्या निदान एक हंगाम आधी काड कोणत्या शेतातले, कोणत्या जातीचे आणि कसे पिकवलेले आहे, याची चौकशी करावी. ओल्या उन्हाळ्यानंतर चांगले काड मिळणे कठीण होते, आणि अशा वर्षी थांबणे हिताचे ठरते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. वारसा यादीत नोंदलेल्या वास्तूंसाठी १९९० चा नियोजन कायदा लागू आहे. आहे तसेच, त्याच साहित्याने आणि त्याच पद्धतीने केलेल्या दुरुस्तीला सामान्यतः परवानगी लागत नाही. काडाऐवजी बोरू घालणे, किंवा आढ्याचे रूप बदलणे, यामुळे वास्तूच्या वैशिष्ट्यावर परिणाम होतो असे ठरले तर स्थानिक नियोजन प्राधिकरणाची संमती आवश्यक असते, आणि ती न घेता केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे. प्राधिकरणातील वारसा अधिकाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे, आणि ती पट्टी त्यांना दाखवावी.

शेवटी धुराड्याबद्दल. मध्यभागी, थेट माथ्यातून बाहेर पडणारे धुराडे ही गवती छपरासाठी सर्वांत सुरक्षित जागा आहे, कारण त्याच्या मागे पाणी साचायला पाखेच उरत नाही. पण छपराचे थर वाढत गेले तसे ते बाहेरून बुटके होत गेले असणार. घरात लाकूड जाळणारी आधुनिक शेगडी बसवलेली असेल तर हे गंभीर आहे. अशा शेगडीतून उडणाऱ्या ठिणग्या हे गवती छपरांच्या आगीचे मोठे कारण मानले जाते, आणि म्हणून धुराड्याचे तोंड गवतापासून पुरेसे उंच हवे. नवा थर चढवण्यापूर्वी वरचा कुजका भाग किती खरवडता येईल हे पाहावे, म्हणजे धुराड्याची मूळ उंची काही अंशी परत मिळेल. उंची वाढवण्यासाठी धुराड्याच्या तोंडावर भाजक्या मातीची नळी चढवण्याचा विचार त्यानंतर करावा.

तावदान

शाकारणी यांच्या उत्तराला एक छोटी पुरवणी. खालचा थर जपायचा असला तरी शाकारणीच्या वेळी तो काही काळ उघडा पडेल. त्या दिवसांत छायाचित्रे काढण्याची, आणि जिथे तो ढिला झाला आहे तिथून मूठभर नमुना घेऊन त्यावर जागेची नोंद करून ठेवण्याची परवानगी आधीच मागावी. एकदा नवा थर बसला की पुढची पंचवीस-तीस वर्षे तिथे पाहता येणार नाही.

आढे_वासे

काळनिश्चितीसाठी कागदपत्रांचा मार्गही जोडीला ठेवावा. दशांश कराच्या १८३६ च्या कायद्यानंतर गावोगावी जे नकाशे तयार झाले, त्यांत इमारतींची बाह्यरेषा काढलेली असते आणि सोबतच्या तक्त्यात मालक व रहिवासी यांची नावे असतात. डेव्हनचे असे नकाशे एक्सेटर येथील अभिलेखागारात पाहता येतात. त्या नकाशावर अष्टकोन दिसतो का, आणि मागचा आयताकृती भाग त्यासोबत आहे की नाही, हे तपासावे. मागचा भाग नंतरचा निघाला, तर तावदान यांनी मांडलेला राहणीचा प्रश्न अधिक तीव्र होईल, कारण मग आरंभी सारा संसार त्या पाच खिडक्यांच्या खोलीत आणि वरच्या पोटमाळ्यावर चालला असे म्हणावे लागेल. दोन्ही भागांच्या सांध्यापाशी कॉबचे थर एकमेकांत गुंफलेले आहेत की नुसते टेकलेले आहेत, हे पोटमाळ्यातून गिलावा नसलेल्या जागी पाहता येईल. त्याच ठिकाणी वाशांकडेही लक्ष द्यावे. मूळ भागाचे वासे गोल, सालीच्या खुणा असलेले आणि मागचे करवतीने चिरलेले चौकोनी असतील, तर दोन वेगळ्या काळांच्या बाजूने तो आणखी एक पुरावा होईल.